वाचनालयाचा डिजिटल साठा ठेवायचा कुठे : प्रकल्प नोंदी

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

कार्यकारी मंडळात विषय क्रमांक सहा : 'वाचनालयाचा डिजिटल साठा मोफत क्लाउडवर ठेवणे'. सूचक ग्रंथपाल मॅडम, अनुमोदक खजिनदार काका. खर्चाच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या हातानं 'निरंक' लिहिलं, म्हणजे अट पहिल्याच दिवशी पक्की. काम अर्थातच माझ्या गळ्यात.

सध्या हस्तलिखित वार्षिकांचे स्कॅन, वसंत व्याख्यानमालेच्या कॅसेटवरून उतरवलेली भाषणं, जुने फोटो, दाखलनोंद वह्यांची पानं आणि सभासदांची यादी हे सगळं कार्यालयातल्या एका संगणकात आहे. त्याची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि ती हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात. आपण कृष्णाकाठी राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी कपाटांच्या खालच्या दोन फळ्यांना लागलं होतं. टेबलाचा खण त्या उंचीच्या खालीच येतो. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं २०२१ च्या जुलैत काय झालं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. १८६४ सालची संस्था, २००५ च्या पुरातून सावरलेली, पुन्हा पाण्याखाली. तेव्हा एक प्रत गावाबाहेर हवी यावर बैठकीत कुणीच वाद घातला नाही. वाद होईल तो ती कुठे आणि कुणाच्या नावावर ठेवायची यावर.

मुदत १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी हस्तलिखितं मांडायची आहेत, म्हणजे मूळ अंकांना हात लागणार. त्याच्या आदल्या दिवशी विंडोज १० ची सुरक्षा अपडेटं थांबतात आणि आमचा संगणक विंडोज ११ घेत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

जागा शोधण्याआधी सामान मोजायला बसलो. ए-४ आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे पानाला २६ एमबी. ६०० डीपीआय केलं की चौपट. हस्तलिखितांची पानं अठराशेच्या आसपास. टिफमध्ये, म्हणजे न आवळता, ठेवायची तर नुसती तीच ४७ जीबी. मोफतच्या गावात एवढा मोठा वाडा मिळत नाही.

जेपीइजी केलं, म्हणजे चित्र आवळलं, तर पान दोन-अडीच एमबीवर येतं, पण किती आवळायचं हा प्रश्न उरतो. १९६१ च्या अंकावर प्रयोग केला. तेव्हाच्या संपादकांनी एका कवितेच्या समासात शिसपेन्सिलीनं 'ही ओळ गाळावी' असं बारीक लिहिलंय आणि खाली कवीनं, बहुधा रागानं, शाईनं 'गाळू नये'. दर्जा ६० ला ठेवला तर शाई राहते, शिसपेन्सिल कागदाच्या पिवळेपणात विरून जाते. म्हणजे वाद एकतर्फी होतो. ८५ ला दोघंही वाचता येतात. ८५ ठरलं.

कॅसेटचा हिशेब वेगळा. ९० मिनिटांचं भाषण एकाच चॅनेलवर, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटला उतरवलं की ४७६ एमबी. त्या काळच्या टेपरेकॉर्डरला एकच माइक होता, त्यामुळे स्टिरिओ करून जागा दुप्पट खाण्यात काही अर्थ नाही. फ्लॅक या फाइलप्रकारात आवाजाची काहीही हानी न होता ते जवळपास निम्म्यावर येतं. उतरवून झालेल्या कॅसेट बावीस.

सगळं धरून १२ जीबीच्या आत-बाहेर. टिफ दोन हार्डडिस्कवर राहतील, क्लाउडवर जेपीइजी आणि फ्लॅक. मंडळाला हे पटवायला लागेल, कारण 'सगळंच वर टाका' असा सूर आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

कोण किती देतं ते पाहिलं. गूगल १५ जीबी, पण त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो असे तिघांचं एकत्र कुटुंब. वनड्राइव्ह ५. आयक्लाउड ५, आणि वाचनालयात ॲपलचं एकही यंत्र नाही. ड्रॉपबॉक्स २ जीबी आणि मोफत खात्याला तीनच उपकरणं जोडता येतात. मेगा २० जीबी. पीक्लाउड १० पर्यंत, तेही त्यांनी सांगितलेली छोटी-मोठी कामं केली की. प्रोटॉन ड्राइव्ह ५. बॉक्स १० जीबी देतं, पण एक फाइल २५० एमबीपेक्षा मोठी चालत नाही. आमची भाषणं नेमकी त्या उंबरठ्यावर अडतात.

कॉलेजचा जो मुलगा स्कॅनिंगला येतो तो म्हणाला, "सर, टेराबॉक्स एक टीबी देतंय, मग एवढा हिशेब कशाला?" प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं की हजार जीबी फुकट देणाऱ्याचा खर्च जाहिरातीतून निघतो, आणि उद्या तो न निघाला तर पहिली कात्री फुकट्यांना लागते. हे कुणा एकाबद्दलचं मत नाही, या धंद्याचा इतिहासच तसा आहे. उबुंटू वन २०१४ मध्ये बंद झालं. वनड्राइव्हनं १५ जीबीचे ५ केले ते २०१६ मध्ये. फ्लिकरनं २०१३ मध्ये एक टीबी दिली आणि २०१९ मध्ये मोफत खात्याला हजार फोटोंची मर्यादा घातली. गूगल फोटोजची 'अमर्याद' जागा १ जून २०२१ पासून मोजली जाऊ लागली. ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ ला मिटलं. यातल्या बहुतेकांनी आधी सूचना दिली होती. ती गेली खात्याच्या ईमेलवर. तो ईमेल कोण वाचतं, हा आमच्याकडचा प्रश्न.

मोबाइल कंपन्यांच्या योजना बाजूला ठेवल्या. एअरटेलनं यंदा मे महिन्यात गूगल वनची १०० जीबी दिली ती सहा महिन्यांपुरती; नंतर दरमहा पैसे. 'निरंक' लिहिलेल्या ठरावात ते बसत नाही, आणि सिमकार्डाला बांधलेली जागा संस्थेची कशी म्हणायची? खजिनदार काकांनी डिजिलॉकर सुचवलं. ते व्यक्तीच्या कागदपत्रांसाठी, आधारला जोडलेलं. कुणाच्या आधारवर वाचनालय ठेवणार?

२१ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद लांबणार, कारण खरा विषय आज सापडला.

वाचनालयाचा एक जीमेल पत्ता आहे. पत्रव्यवहार, अनुदानाचे ईमेल, सगळं त्यावर. सोपं काम म्हणून त्याच खात्याचं ड्राइव्ह वापरायचं असं मनात होतं. पासवर्ड मॅडमना माहीत. आत जायला गेलो तर नव्या ब्राउझरमुळे ओटीपी मागितला, आणि तो गेला मागच्या मंडळातल्या कार्यवाहांच्या मोबाइलवर. ते चार वर्षांपूर्वी पुण्याला मुलीकडे राहायला गेले. फोन केला, हे पुण्याचे काका आनंदानं बोलले, ओटीपी वाचून दाखवला, वर व्याख्यानमालेची चौकशी केली. भला माणूस. पण त्यांनी नंबर बदलला असता तर? ते फोन उचलायच्या स्थितीत नसते तर? ज्या खात्यावर संस्थेचा सगळा व्यवहार चालतो त्याची किल्ली पुण्यात एका फ्लॅटमध्ये आहे, आणि आम्ही इकडे १५ जीबी बरी की २० यावर चर्चा करतोय.

संध्याकाळी कार्यवाह सरांकडे बसून ठरवलं ते असं. साठ्यासाठी गूगलचंच, पण वेगळं खातं. जीमेलच्या खात्यातच साठा भरला तर एक दिवस १५ जीबी संपतात आणि ईमेल येणं-जाणं थांबतं. अनुदानाचं पत्र एखाद्या कॅसेटमुळे परत जायला नको. खात्याला नंबर जोडायचा तो वाचनालयाच्या कार्यालयीन मोबाइलचा, जो खणात असतो आणि ज्याचं रिचार्ज संस्था करते. पडताळणी दोन टप्प्यांची चालू ठेवायची आणि गूगल जे दहा राखीव कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, ते छापून दोन पाकिटांत. एक लोखंडी कपाटात ठरावांच्या वहीबरोबर, दुसरं खजिनदार काकांच्या घरी. काकांचं घर चढावर आहे, २०१९ ला तिथं पाणी पोचलं नव्हतं. दुसरी हार्डडिस्कही तिकडेच.

वेगळ्या खात्याचा एक तोटा आहे. दोन वर्षं कुणी आत डोकावलंच नाही तर ते निष्क्रिय ठरून पुसलं जाऊ शकतं. गूगलनं डिसेंबर २०२३ पासून ते लागू केलंय. म्हणून निष्क्रिय खाते व्यवस्थापक ही सोय वापरायची. किती महिन्यांनी खातं निष्क्रिय मानायचं ते आपण ठरवतो आणि त्यानंतर कुणाला कळवायचं त्यांचे पत्ते देतो, दहा माणसांपर्यंत. आम्ही सहा महिने आणि तीन पत्ते दिले. त्यातला एक पुण्याच्या काकांचा. ते खूश झाले.

कॉलेजच्या मुलाची दुसरी सूचना : पाच खाती उघडू, ७५ जीबी होईल. नाही. प्रत्येक खात्यामागे एक पासवर्ड, एक पाकीट आणि पुढच्या मंडळाला समजावून सांगायची एक गोष्ट वाढते. मंडळ दर पाच वर्षांनी बदलतं आणि पासवर्डची वही त्याआधीच हरवते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मेगाबद्दल कार्यवाह सरांचा आग्रह होता. २० जीबी आहे, शिवाय माहिती आपल्याच संगणकावर कुलूपबंद होऊन वर जाते, कंपनीलासुद्धा ती वाचता येत नाही. प्रोटॉनचंही तसंच. हे चांगलंच आहे, पण त्याची दुसरी बाजू सरांना सांगितली : पासवर्ड विसरला आणि सुरुवातीला जपून ठेवायला दिलेली रिकव्हरी की पण हरवली, तर आतलं कंपनीही उघडून देऊ शकत नाही. एकट्या माणसाला हा सौदा परवडतो. आमच्यासारख्या, किल्ल्या हातोहात फिरणाऱ्या ठिकाणी मला त्याची भीती वाटते.

आणि लपवायचंय काय? १९५८ च्या अंकातली 'पावसाळी सहल' कुणी वाचली तर आनंदच आहे. लपवण्यासारखी फक्त सभासदांची यादी : नाव, पत्ता, मोबाइल, थकबाकी. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा कागदावर आहे, आणि कायदा नसता तरी कुणाची थकबाकी जगजाहीर करणं बरं नव्हे. ती एक फाइल सेव्हन-झिप या साधनानं पासवर्ड घालून, एईएस-२५६ या भक्कम कुलपात, आतल्या फाइलींची नावंही झाकून वर जाईल. त्याचा पासवर्ड त्याच पाकिटात. ती हरवलीच तर मूळ वही आहे.

सरांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. कंपनी आपले कागद चाळणार, हे त्यांना खटकतं. मलाही खटकतं, पण पेच आला तर मी परत मिळण्याच्या बाजूनं.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवस नावं बदलण्यात गेला. पूर्वी ज्यानं स्कॅन केलं त्यानं फाइलींना अख्खी वाक्यं दिली आहेत : 'हस्तलिखित वार्षिक अंक १९५८ मुखपृष्ठ श्री अध्यक्षांच्या हस्ते प्रकाशन प्रसंगीचे'. वाचायला छान. पण युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्तसुद्धा वेगळं मोजून, तीन बाइट घेतं. 'हस्तलिखित' हा एवढासा शब्द २७ बाइट. अनेक ठिकाणी एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे पंच्याऐंशी चिन्हं. नावंही कुलूपबंद करायची झाली तर मर्यादा आणखी खाली येते. शिवाय काही जुनी झिप साधनं देवनागरी नावांचे चौकोन करून टाकतात, मग आतली फाइल शाबूत असूनही ओळखायची कशी?

नवी पद्धत : अंकासाठी 'ह', मग साल, मग पान तीन आकडी. आकडे इंग्रजी, म्हणजे क्रम कुठेही बिघडत नाही. ह-चं रोमन अक्षर केलं, कार्यवाह सरांनी नाक मुरडलं. सविस्तर मराठी माहिती एका तक्त्यात, प्रत्येक फाइलीपुढे. मॅडमनी तो तक्ता दाखलनोंद वहीच्या रकान्यांसारखाच आखला, त्यामुळे तो कुणालाही न शिकवता भरता येतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

कार्यालयाचं नेट उतरवायला बरं आहे, चढवायला दोन एमबीपीएस. बारा जीबीला साडेतेरा तास, तेही मध्ये न तुटता. रात्री लावून ठेवलं. उद्या खंडेनवमी, संगणकाची पूजा होणार म्हणून मॅडमनी तो बंद करून पुसायचा बेत केला होता. पडद्यावर चिठ्ठी : 'चालू आहे. फूल वाहा, बटण दाबू नका.'

४ ऑक्टोबर, शनिवार

चढवून झालं. मध्ये दोनदा वीज गेली, पण आरक्लोननं उरलेल्या फाइली पुढे घेतल्या. हे मोफत, मुक्त स्रोताचं साधन आहे. काळ्या खिडकीत आज्ञा लिहाव्या लागतात म्हणून लोक घाबरतात. आम्ही आज्ञा एका फाइलीत लिहून डेस्कटॉपवर ठेवली, दोनदा टिचकी मारली की चालते.

त्यात 'कॉपी' आणि 'सिंक' अशा दोन आज्ञा आहेत आणि फरक मोठा आहे. सिंक दोन्हीकडे सारखेपणा आणतं : इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. ड्राइव्हचं नेहमीचं संगणकावरचं ॲपही तसंच वागतं. कुणी चुकून १९६३ चं फोल्डर उडवलं तर क्लाउडवरूनही जातं, कचरापेटीत तीस दिवस राहतं आणि मग कायमचं. आमच्याकडे एखादं फोल्डर गायब आहे हे कळायला तीस दिवस पुरणार नाहीत. वार्षिक अंक लोक वर्षातून एकदा उघडतात. म्हणून 'कॉपी', जी तिकडचं काही पुसत नाही. नको असलेलं हातानं काढायचं, तेही मॅडमना विचारून.

'चेक' आज्ञाही चालवली. ती दोन्हीकडच्या फाइलींची एमडी५ बेरीज, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, जुळवते. एक फ्लॅक जुळली नाही, परत चढवली, जुळली.

११ ऑक्टोबर, शनिवार

परत आणण्याची चाचणी. अट घातली की मी हात लावणार नाही. ग्रंथपाल मॅडम, खजिनदार काकांच्या मुलाचा लॅपटॉप, काकांच्या घरचं पाकीट आणि एक पानी सूचनापत्र, बस्स. कार्यालय बुडालंय असं समजायचं, म्हणजे कार्यालयीन मोबाइलही नाही.

पासवर्ड टाकला. मोबाइलवरच्या पडताळणीची मागणी आली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग त्यांनीच सूचनापत्रात शोधून 'दुसरा मार्ग' निवडला, राखीव कोडांतला पहिला टाकला, आत गेल्या. वापरलेला कोड पुन्हा चालत नाही म्हणून पेनानं खोडलाही.

१९५८ ते १९६५ चं फोल्डर ब्राउझरमधून उतरवलं. ड्राइव्ह मोठ्या फोल्डरच्या झिप करून तुकडे देतं आणि एकाच अंकाची पानं दोन तुकड्यांत विभागली जातात. मॅडमनी दोन वेगळ्या फोल्डरांत उघडले आणि '१९६० ची निम्मी पानं गेली' म्हणून चेहरा पडला. एकाच जागी उघडल्यावर सगळी लागली. सूचनापत्रात वाढवलं : 'सर्व झिप एकाच फोल्डरमध्ये उघडाव्यात.' हे मी चाचणी केली असती तर कधीच लिहिलं गेलं नसतं, मला ते आपोआप कळलं असतं.

शेवटी समासातली शिसपेन्सिल दिसते का ते पाहायचं म्हणून १९६१ उघडला. 'गाळावी', 'गाळू नये'. दोघं जागेवर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

प्रदर्शनाला गर्दी बरी. तीनजणांनी विचारलं, हे सगळं इंटरनेट अर्काइव्हवर का टाकत नाही, तिथं तर मोफत आणि कितीही. मलाही ती जागा आवडते, पण ती प्रकाशनाची जागा आहे. हस्तलिखितांतल्या लेखनाचा हक्क लिहिणाऱ्यांचा, आणि आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. आजच्या प्रदर्शनात एक आजी स्वतःची १९६४ ची कथा वाचत उभ्या होत्या. त्यांना विचारल्याशिवाय ती जगापुढे ठेवायची नाही. विचारलं. म्हणाल्या, "शुद्धलेखन सुधारून टाका." संमतीपत्राचा मसुदा कार्यवाह सर करताहेत.

विंडोज १० : मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत जाऊन सेटिंगची प्रत वनड्राइव्हवर ठेवली की ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अपडेटं पैसे न भरता मिळतात. तेवढ्यासाठी वनड्राइव्हचे ५ जीबी वापरले. 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' तिकडे चढवायची खूण मात्र काढून टाकली, नाहीतर पाच जीबी दुपारीच भरतात.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सुट्टी संपली. मंडळापुढे अहवाल : एक क्लाउड, दोन हार्डडिस्क, त्यातली एक चढावरच्या घरी. वापरलेली जागा १२.४ जीबी. म्हणजे अडीच जीबी शिल्लक, आणि न उतरवलेल्या कॅसेट अजून तीसेक. दहा बसतील, पुढच्या नाहीत. हे लपवलं नाही.

काकांनी विचारलं, मग पुढे? तीन वाटा सांगितल्या. भाषणं ओपस या फाइलप्रकारात आणखी आवळून क्लाउडवर ठेवायची आणि फ्लॅक हार्डडिस्कवरच, यानं बरीच वर्षं निघतील. किंवा संस्थेचं स्वतःचं डोमेन घेऊन गूगलच्या ना-नफा संस्थांसाठीच्या मोफत योजनेत अर्ज करायचा. तिथं जागा मुबलक, पण डोमेनचे वार्षिक पैसे लागतात आणि नोंदणीचे कागद तपासले जातात. किंवा सरळ जागा विकत घ्यायची. काकांनी पहिल्या वाटेवर बोट ठेवलं, दुसरीचा विषय मार्चच्या सभेत घ्यायचं ठरलं, तिसरीवर कुणी बोललं नाही.

वर्षातून दोनदा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर, मॅडम खात्यात जाऊन तीन फाइली उघडून पाहतील आणि तारीख-सही दाखलनोंद वहीच्या शेवटच्या पानावर करतील. खाडाखोड केलेल्या कोडचं पाकीट बदललं. पुढचं काम कॅसेटचं : टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालाय, सांगलीला दुरुस्तीला द्यायचाय.